शाळेचा वेग कसा तपासावा : शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांसाठी

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पहिल्याच पालकसभेत कोणीतरी विचारते, "आपली शाळा डिजिटल झाली का हो?" मुख्याध्यापक भिंतीवरच्या स्मार्ट टीव्हीकडे बोट दाखवतात, पालक समाधानाने मान हलवतात आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे बहुधा शौचालयाच्या दाराकडे, वळते. सांगली जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकतीस वर्षे शिकवले, त्यामुळे हे बोट दाखवण्याचे काम मीही केलेले आहे. निवृत्तीनंतर गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून बसू लागलो, तेव्हा हाच प्रश्न टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकला आणि तो मुळातच चुकीचा विचारला जातो, असे माझे मत झाले. आपल्याकडच्या शाळा यंत्रे आणण्यात फारशा मागे नाहीत. यंत्र आल्यावर शिकवण्याचा तास बदलण्यात मात्र त्या फार मागे आहेत, आणि पालक यंत्रांची चौकशी करत राहतात तोवर तासाबद्दल कोणी बोलत नाही. पालकाने शाळेच्या एका दुपारच्या भेटीत आणि त्यानंतरच्या सत्रभरात काय पाहावे, काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे, ते पुढे सांगितले आहे.

भेटीपूर्वीची तयारी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही कलमे लागू नाहीत, परंतु तेथील पालकांनाही पुढील बहुतेक प्रश्न विचारता येतील. तेव्हा ही भेट म्हणजे शिक्षकांच्या कामात लुडबुड आहे असे वाटून घेऊ नये. आराखडा लिहायचा तर आधी पाहावे लागते, इतकेच. मुख्याध्यापकांना दोन दिवस आधी कळवावे, "तपासणी" हा शब्द टाळावा, आणि सोबत वर्गातल्या एखाद्या मुलाची आई असावी, कारण मुले तिच्यासमोर जितकी मोकळी बोलतात तितकी माझ्यासारख्या माजी गुरुजींसमोर बोलत नाहीत.

गेल्यावर दोन वह्या मागाव्यात. पहिली जडवस्तू नोंदवही, जिला सगळे शिक्षक डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात आणि जिच्यातील काही वस्तू त्या नावाला खरोखर जागतात. संगणक, प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही कोणत्या साली आणि कोणत्या निधीतून आले, हे तीत सापडते. दुसरी वही दुरुस्तीची. ती बहुतेक शाळांत नसतेच, आणि ती नसणे हे त्या दुपारचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर समजावे.

खोलीत काय पाहावे

यंत्र चालू आहे का, असे विचारू नये, "आत्ता लावून दाखवता का?" असे म्हणावे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहावे. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते कळणे, वायर सापडणे, खिडक्यांना पडदे नसल्याने बाक सरकवून अंधार करणे, टीव्हीने स्वतःला अद्ययावत करून घेणे, हे सर्व होऊन धडा प्रत्यक्ष दिसेपर्यंत किती मिनिटे गेली ते टिपून घ्यावे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात यातच बारा मिनिटे जात असतील, तर कितीही प्रशिक्षणे घेतली तरी शिक्षक ते यंत्र रोज वापरणार नाही, आणि त्याचे ते वागणे शहाणपणाचेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील संगणक कक्षाचे कुलूप आमच्यासमोर उघडले, तेव्हा पाचही संगणकांच्या पडद्यांवर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती आणि प्रत्येकाच्या माथ्यावर झेंडूचे एकेक फूल सुकून तपकिरी झालेले होते. खंडेनवमीची पूजा ऑक्टोबरात झाली होती आणि आम्ही गेलो ते जानेवारीच्या अखेरीस. फुले जागची हलली नव्हती, याचा अर्थ मधल्या तीन महिन्यांत संगणकही कोणी लावले नव्हते. तेथील शिक्षक कामचुकार होते असे मुळीच नाही. बिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडली होती आणि ती जोडून मिळेपर्यंत त्याच शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलवर पाचवीच्या मुलांचा नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा सराव घेतला होता. डेडस्टॉकमध्ये मात्र पाचही संगणक "चालू स्थितीत" होते. त्या दिवसापासून मी कोणत्याही शाळेत गेलो की आधी मीटर पाहतो.

देशभरातील शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या युडायस प्लस या यंत्रणेच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. असे आकडे वाचताना त्यांमागे झेंडूची किती फुले आहेत, हा प्रश्न मनात ठेवलेला बरा.

तासाबद्दल काय विचारावे

आता मुख्य प्रश्न. शिक्षकांना शांतपणे, इतरांसमोर न अवघडवता विचारावे: "या यंत्रामुळे गेल्या महिन्यात मुलांनी असे काय केले, जे फळा, वही आणि तुम्ही एवढ्यावर झाले नसते?" उत्तरात "मुलांना दाखवले" हे क्रियापद येते की "मुलांनी केले" हे येते, याकडे लक्ष द्यावे. एक उदाहरण सांगतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आता क्यूआर कोड आहेत आणि २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठावरील साहित्य त्यांतून उघडते. अनेक वर्गांत त्याचा उपयोग कवितेची चाल लावण्यापुरता होतो. मुले ऐकतात, मागोमाग म्हणतात, त्यांना आनंदही होतो. पण पूर्वी एखादे गुरुजी पेटी घेऊन चाल शिकवत तेव्हा मुले जे करत, त्यापेक्षा यात काही अधिक घडत नाही. किंबहुना थोडे कमीच घडते, कारण पेटीवाले गुरुजी मागच्या बाकावरचा बेसूर ओळखून थांबत असत आणि टीव्ही थांबत नाही.

याउलट ज्याला एक पैसाही लागत नाही असा उपयोग सांगतो, कारण तो मी स्वतः दुसरी-तिसरीच्या वर्गांत वर्षानुवर्षे केला आहे. शिक्षकाचा साधा मोबाइल विमान मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच फोन येत नाही. मुलाला वर्गाच्या दारातल्या पायरीवर, गलक्यापासून थोडे दूर बसवावे आणि पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद मिनिटभर वाचायला सांगून आवाज ध्वनिमुद्रित करावा. लगेच तो आवाज त्यालाच ऐकवावा आणि पुस्तक त्याच्यासमोर उघडे ठेवावे. शिक्षकाने काही बोलू नये. सर्वांत अवघड भाग हाच आहे. तिसरीतला एक मुलगा अगदी घाईने वाचत असे आणि आपण वर्गात सर्वांत हुशार वाचतो अशी त्याची समजूत होती. स्वतःचा आवाज ऐकताना त्याचे बोट ओळीवरून फिरत होते, ते एका ठिकाणी अडले, मागे गेले, आणि तो म्हणाला, "गुरुजी, ही ओळच गेली की." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मी दमच घेतला नाही." पूर्णविरामाला थांबावे, हे मी त्याला महिनाभर सांगत होतो. दिवाळीपूर्वी, नाताळच्या सुमारास आणि मार्चमध्ये तोच परिच्छेद असाच वाचून घेतला की प्रगती पालकांनाही कानाने कळते आणि वेगळे प्रगतिपत्रक लागत नाही. लहान वर्गांतील वाचन व गणित पक्के करण्यासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठले की नाही, हे पाहण्यासाठीही हीच मिनिटभराची पद्धत पुरते. मुलांच्या आवाजांच्या फायली वर्षअखेर पुसून टाकाव्यात आणि त्या कोणत्याही गटावर पाठवू नयेत.

वरच्या वर्गांसाठी मी दुसरी परीक्षा सुचवतो. आठवीतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला शाळेच्या संगणकावर ग्रामपंचायतीला मराठीतून चार ओळींचा अर्ज लिहायला सांगावा: शाळेच्या रस्त्यावरचा दिवा बंद आहे, तो दुरुस्त करावा. हाच मुलगा मित्राशी इंग्रजी अक्षरांतून मराठी गप्पा झरझर मारत असतो. अर्जात "दुसऱ्या" हा शब्द आला की त्याचे हात थांबतात, कारण तो अर्धा र देवनागरी कळफलकावर कोठून आणायचा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. मग तो "दुसरया" लिहितो, किंवा वाक्यच बदलून "पुढच्या" करतो, आणि या चतुराईचे मला कौतुकच वाटते. पण अर्ज करता येणे, तो जतन करता येणे, छापता येणे आणि त्याची पोच मागता येणे, हे आठवीपर्यंत आले नसेल तर त्या शाळेत संगणक किती आहेत, ही चर्चा व्यर्थ आहे.

कोणत्या वयाला किती वेग

"शाळा पुरेशा वेगाने बदलते का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण पहिलीचे मूल आणि नववीचे मूल यांना लागणारा वेग सारखा नसतो. पहिली-दुसरीत शाळा सावकाश चालली तर मी तक्रार करणार नाही. त्या वयात चिंचोके मोजणे, वाळूत अक्षर गिरवणे, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगणे याला पर्याय नाही. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने काढलेल्या प्रज्ञाता या ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांतही पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोन सत्रांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा घातली होती. शाळा पूर्ण बंद असतानाची ही कमाल मर्यादा होती; शाळा भरत असताना तेवढाही वेळ पडद्याला देण्याचे कारण नाही. म्हणून बालवाडीत टॅब वाटणाऱ्या शाळेच्या जाहिरातीने पालकांनी हुरळून जाऊ नये. वेग दाखवण्याची ती जागाच नव्हे.

सातवी-आठवीपासून मात्र शाळेच्या संथपणाला माफी नाही, कारण तेथे तंत्रज्ञान शाळेची वाट न पाहता मुलांच्या हातात पोहोचलेले आहे. प्रथम या संस्थेच्या असर २०२४ या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे यंत्र चालवायला शिकवण्याची गरज संपली आणि त्याच्याशी वागायला शिकवण्याची गरज उभी राहिली, पण संगणकाच्या तासाला आजही कित्येक ठिकाणी की-बोर्डचे आणि माऊसचे चित्र काढून भाग दाखवायला सांगतात.

येथे काय विचारावे ते नेमके सांगतो. आठवी ते दहावीच्या मुलांना आपले खाते खाजगी कसे करायचे, त्रास देणाऱ्याला रोखून त्याची तक्रार कशी करायची, ओटीपी का सांगायचा नाही, हे वर्षातून किमान दोन तास प्रत्यक्ष हातात फोन घेऊन शिकवले जाते का? पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, हे दोन आकडे वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले आहेत का? द्राक्षाच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे, पैसे ज्या फोनवर जमा होतात तो फोन संध्याकाळी मुलाच्याच हातात असतो, त्यामुळे हे शिक्षण मुलाइतकेच घराच्याही उपयोगाचे आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्वतंत्रपणे विचारावी: कोणी छायाचित्रावरून धमकावले तर तिने शाळेत कोणाकडे जायचे, त्या शिक्षिकेचे नाव मुलींना माहीत आहे का? हा प्रश्न सोबतच्या आईने, शिक्षकांच्या अनुपस्थितीत, मुलींनाच विचारावा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचीही भर पडली आहे. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश करण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले आहे. शासनाचे पुस्तक हाती येण्याची वाट न पाहता दहावीचे शिक्षक एक करू शकतात: निबंध घरून लिहून आणायला सांगण्याऐवजी वर्गात लिहून घ्यायचा, आणि यंत्राने लिहिलेला एक निबंध फळ्यावर घेऊन त्यात गावाबद्दल काय खोटे आहे ते मुलांना शोधायला लावायचे. आमच्या समितीने हा प्रयोग सुचवला तेव्हा मुलांनी पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या गावावरून नसलेली नदी वाहते हे पकडले.

मागे राहण्याची भीती किती बाळगावी

शाळा मागे राहते या भीतीपोटी घाईने केलेल्या खरेदीचा इतिहास मोठा आहे. १९८४ साली केंद्र सरकारने सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक बसवले. ते संगणक काही वर्षांत जुने झाले. २००७ साली आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेखाली प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. याच योजनेखाली पेरू देशात लाखो लॅपटॉप वाटले गेले आणि तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या २०१२ च्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालाने नोंदवले आहे की शिक्षणातील तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. पाठ्यपुस्तक बदलायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. तेव्हा शाळेने बाजाराच्या पावलांवर पाऊल टाकत धावावे, ही अपेक्षाच अयोग्य आहे. तिने फक्त आहे ते चालू ठेवावे आणि त्याभोवती तास बदलावा.

आपल्याकडे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला आणि पाठोपाठ गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची लाट उठली. मी त्या लाटेत होतो. कोणी ऊसबिलातून पाचशे दिले, कोणी मुंबईतल्या माथाडी भावाकडून पाच हजार आणले, आणि त्या पैशाचा मला आजही अभिमान आहे. आमची चूक एवढीच झाली की प्रोजेक्टरसाठी वर्गणी काढली आणि त्याच्या दिव्यासाठी काढली नाही. दोन वर्षांनी दिवा गेला, नव्याची किंमत ऐकून सभा गप्प झाली, आणि प्रोजेक्टर कापडात गुंडाळून कपाटावर गेला.

पैसा, पाणी आणि पासवर्ड

म्हणून आराखड्यात खरेदीच्या प्रत्येक रकमेपुढे दुरुस्तीचा स्तंभ घालावा. दहा हजारांचे यंत्र घेताना तीन हजार बाजूला ठेवता येत नसतील, तर ते यंत्र घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत पट असल्यास १० हजार, ३१ ते १०० असल्यास २५ हजार, १०१ ते २५० असल्यास ५० हजार, त्यापुढे ७५ हजार, आणि पट हजाराहून अधिक असल्यास एक लाख रुपये. यातच खडू, स्वच्छता, रंग आणि वीज हे सर्व येते. तेव्हा वाडीवस्तीवरच्या दहा हजारांच्या शाळेकडून डिजिटल क्रांतीची अपेक्षा करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने तिचे वीजबिल उचलावे. तसा ठराव ग्रामसभेत मागावा.

कृष्णा आणि वारणेच्या काठच्या गावांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत तळमजल्यावरचे साहित्य भिजले. संगणक कक्ष वरच्या मजल्यावर न्यावा. ते शक्य नसेल तर पावसाळ्यात यंत्रे कोणी, कोणत्या खोलीत, किती वेळात हलवायची हे जूनमध्येच नावानिशी लिहून भिंतीवर लावावे. बॅटऱ्या आधी हलवाव्यात, कारण त्या जड असतात आणि धावपळीत मागे राहतात.

पासवर्डचा विषय किरकोळ वाटेल, पण माझ्या पाहण्यात यंत्रे बंद पडण्याचे ते दुसरे मोठे कारण आहे. पहिले अर्थात वीज. उत्साही शिक्षक स्वतःच्या फोन क्रमांकावर आणि स्वतःच्या ईमेलवर टीव्हीचे, टॅबचे, शाळेच्या वाहिनीचे खाते उघडतो. मे महिन्यात त्याची बदली होते, जूनमध्ये टीव्ही पासवर्ड मागतो, आणि तो शिक्षक जतच्या पलीकडे कुठेतरी रेंज शोधत असतो. यावर उपाय सोपा आहे. सर्व खाती शाळेच्या ईमेलवर काढावीत, पासवर्ड एका कागदावर लिहून पाकीट बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे, आणि बदलीच्या वेळी कार्यभार देताना-घेताना त्या पाकिटाची स्वतंत्र नोंद करावी.

जी मुले मोजणीतून निसटतात

गृहपाठ व्हॉट्सॲपवर येऊ लागल्यापासून काही मुले गुपचूप मागे पडली आहेत. घरातला एकमेव फोन बापाबरोबर बागेत किंवा आईबरोबर पॅकिंगच्या शेडवर जातो आणि रात्री आठला परत येतो. फोनवर दिलेला गृहपाठ फळ्यावरही लिहिला जातो का, एवढेच विचारावे. हंगामात कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कुटुंबांची मुले येतात. ती मूळ गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक घेऊन आली की त्यांना वर्गात घेतले जाते, परंतु ऑनलाइन हजेरीत आणि वाचनाच्या नोंदीत ती असतात का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. जत तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुले मराठी शाळेतही असतात. तेथे तंत्रज्ञानाचा उत्तम उपयोग म्हणजे आजीची कन्नड गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवणे आणि मुलांकडून ती मराठीत सांगून घेणे. असे साहित्य कोणतीही कंपनी विकत नाही.

घर आणि संमती

शाळेकडे बोट दाखवताना घराकडेही पाहावे लागते. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. शाळा, ग्रामपंचायत, अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांनी सुरुवातीला घरोघर फिरून हे रुजवले. आपल्या गावात असे काही करायचे असल्यास भोंगा शेवटी विकत घ्यावा. आधी मालिका पाहणारी मोठी माणसे दीड तास पडदा बंद ठेवायला तयार आहेत का, हे वॉर्डनिहाय विचारून घ्यावे, कारण मुलांना फक्त सांगितले आणि बाप बातम्या पाहत बसला तर भोंग्याचा आवाज आठवडाभरात ऐकू येईनासा होतो.

संमतीचा मुद्दा थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती हा नियम ठेवला आहे. शाळेने एखादे ॲप घ्यायला सांगितले की ते मुलाचे नाव, छायाचित्र, फोन क्रमांक यांपैकी काय मागते आणि कोणी चालवते, हे लेखी विचारावे. मोफत ॲपबाबत तर दोनदा विचारावे.

ठराव कसा लिहावा

भेटीनंतरच्या मासिक सभेत ठराव लिहावा, आणि त्यात "तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करावा" यासारखे वाक्य येऊ देऊ नये, कारण ते पाळलेही जात नाही आणि मोडलेही जात नाही. ठरावात नाव, तारीख आणि मोजता येईल अशी कृती हवी. आमच्या समितीने गेल्या वर्षी लिहिलेला ठराव असा होता: "दुसरी व तिसरीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे मिनिटभराचे वाचन सप्टेंबर, डिसेंबर व मार्चमध्ये वर्गशिक्षकांनी ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यास ऐकवावे. आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीपूर्वी एक अर्ज मराठीत टंकलिखित करावा. शाळेतील यंत्रांची दुरुस्ती वही आजपासून सुरू करावी. तीत बिघाड कळल्याची तारीख व दुरुस्तीची तारीख असे दोन स्तंभ असावेत." या तीन कामांसाठी शिक्षकांना वेळ कोठून मिळणार, असा प्रश्न वर्गशिक्षिकेने रास्तपणे विचारला. त्यावर वाचनाच्या दिवशी उरलेला वर्ग सांभाळायला दोन पालक येतील, असे ठरावातच जोडले. ही ओळ नसती तर बाकीचा ठराव कागदावरच राहिला असता.

पुढची भेट दिवाळीच्या सुटीनंतर, शाळा सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांनी ठेवावी आणि त्या वेळी फक्त दुरुस्ती वही मागावी. बिघाडाची तारीख आणि दुरुस्तीची तारीख यांतले अंतर बोटांवर मोजावे. पंधरा दिवसांच्या आत असेल तर शाळेचा वेग चांगला आहे, महिन्याच्या वर गेले असेल तर काम कोठे अडले ते विचारावे, आणि वही कोरी असेल तर यंत्रे लावून पाहावीत. आमच्या वहीतली पहिली नोंद वर्गशिक्षिकेच्या अक्षरातली आहे: टीव्हीची वायर उंदराने कुरतडली, १८० रुपये, तिसऱ्या दिवशी बदलली.